मंगेश ऑफिसला जातो

पिशवी उघडली की मला घर कळतं. बत्तीस वर्षं लालबागला पाळणाघर चालवल्यावर एवढं तरी यायलाच पाहिजे. पिशवी आईने भरलेली असली की आत चार चड्ड्या, दोन दुपटी, झाकणावर नाव लिहिलेला डबा आणि एक चिठ्ठी: 'खोकला आहे, केळं देऊ नका.' आजीने भरलेली असली की तीन माणसांचा वरणभात आणि तुपाची वेगळी बाटली. आणि बापाने भरलेली असली की एक सँडल, बिस्किटांचा अर्धा पुडा आणि टीव्हीचा रिमोट. हसू नका, रिमोट खरंच आला होता. त्या घरातले आजोबा दिवसभर पलंगाखाली वाकून रिमोट शोधत होते. पोराच्या पिशवीत चड्डी नाही, हे मात्र कुणाच्या लक्षात आलं नाही.

पाळणाघर म्हणजे पाळण्यांचं घर असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी सांगते. पाळणा माझ्याकडे एकच होता आणि त्यात कांदेबटाटे असायचे. चाळीतली तळमजल्यावरची एक खोली, सकाळी आठ ते संध्याकाळी सात, सहा महिन्यांपासून साडेचार वर्षांपर्यंतची मुलं. अकरा घ्यायची, बारावं नाही, कारण दुपारी निजवायला भिंतीलगत अकराच गाद्या मावतात. भरवणं, धुणं, निजवणं, भांडणं सोडवणं आणि पुन्हा भरवणं. एप्रिलमध्ये शेजारी मसाला कुटायला सुरुवात झाली की अकराच्या अकरा एकदम शिंकायची आणि मग अकरा नाकं पुसायची. आम्ही राहायचो त्याच चाळीत दुसऱ्या मजल्यावर. आमचे हे गोदीत होते, आता निवृत्त आहेत. या बत्तीस वर्षांत ते खाली पाळणाघरात तीनदा आले, त्यातलं एकदा फ्यूज उडाला म्हणून.

माझ्याकडे मूल ठेवताना एक फॉर्म भरून घ्यायची. त्यात पहिला फोन नंबर बापाचा. लिहायला बापाचा, पण करायचा मात्र आईला, असं सगळे धरूनच चालतात. एकदा एका मुलीला सणकून ताप भरला. बापाचं ऑफिस परळला, चालत दहा मिनिटं. आई बेलापूरला. मी आपला जवळच्याला फोन लावला. तो म्हणाला, "मावशी, तिला फोन केलात का?" मी म्हटलं, "तुम्ही जवळ आहात ना?" तो म्हणाला, "थांबा, मी तिला सांगतो." आणि खरंच सांगितलं. ती बाई दीड तासाने धापा टाकत आली, तोवर मी पोरीच्या कपाळावर घड्या बदलत बसले होते. त्या दिवसापासून मी नियम केला, जो जवळ असेल त्यालाच फोन, आणि त्याने स्वतः यायचं. त्यानंतर बऱ्याच बापांचे फोन रेंजच्या बाहेर जायला लागले.

एक बाप तर माझ्याकडे दोन वर्षांत पहिल्यांदाच मुलीला न्यायला आले. "मी आर्याचा बाबा."

मी म्हटलं, "असाल. पण मी तुम्हाला कधी पाहिलेलं नाही."

"अहो, मी बाप आहे तिचा!"

"मग तिची पिशवी कुठली ते सांगा." खुंटीला अकरा पिशव्या होत्या. गृहस्थांनी एकामागून एक तीन पिशव्या दाखवल्या आणि तिन्ही चुकल्या. शेवटी आईला व्हिडिओ कॉल लावला आणि यांचं तोंड तिला दाखवलं. "हो मावशी, तोच आहे, द्या," असं ती म्हणाली, पण म्हणायच्या आधी जराशी थांबली. ते मला फार आवडलं.

असं सगळं बघितलेली मी, म्हणून मंगेश परबचं नवल वाटलं. आणि त्याच्याच बाबतीत मी चुकले, तेही सांगणार आहे.

मंगेश आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून पलीकडच्या चाळीतला. वय चौतीस. बायको स्वप्नाली परळच्या एका हॉस्पिटलात लॅब टेक्निशियन, दिवसभर लोकांचं रक्त काढायचं काम. मुलगी इरा, दोन वर्षांची. आणि घरात मंगेशची आई, परब वहिनी, त्यांच्या चाळीच्या महिला मंडळाच्या अध्यक्षा. गुडघे गेलेले, आवाज शाबूत. भाजीवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांना ऐकवायच्या, "माझो मंगेश हापिसात आसा." नवरा मिल बंद पडल्यावर खचून लवकर गेला. मग या बाईने डबे करून मुलाला शिकवलं, त्यामुळे ते ऑफिस म्हणजे जणू त्यांनीच बांधलेली इमारत होती.

इराला सोडायला मंगेशच यायचा. इस्त्रीचा शर्ट, खांद्याला बॅग, बॅगेत डबा. एके दिवशी तिला सोडलं आणि तो पायरीवरच बसला. मी विचारलं, "काय रे, ऑफिस?"

"आज जरा उशिरा जायचंय, मावशी."

दुसऱ्या दिवशीही उशिरा. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, "मंगेश, खरं सांग." तेव्हा कळलं. ऑफिस भिवंडीला हलवलं होतं आणि हलवताना मंगेशसारख्या काहींची नावं गाळली होती. स्वप्नालीला माहीत होतं. आईला सांगायची हिंमत नव्हती. म्हणून शर्ट घालून, डबा घेऊन रोज निघायचं आणि संध्याकाळपर्यंत कुठेतरी वेळ काढायचा.

तेवढ्यात आत कोणीतरी भडाभडा ओकलं. माझी मदतनीस शांता लेकीच्या बाळंतपणाला गावाला गेलेली, मी एकटी. ओकारी बघून बापमाणसं कशी दिसेनाशी होतात, ते मी बत्तीस वर्षं पाहिलंय. हा उठला, बाह्या वर केल्या, पोराला उचलून मोरीत नेलं, धुतलं, पुसलं, जमीन स्वच्छ केली आणि वर विचारलं, "फिनेल कुठेय?" मी तिथल्या तिथे त्याला कामाला ठेवला.

सुरुवातीला एकच घोळ झाला. मंगेश गणपतीत मंडळाच्या महाप्रसादाला आचाऱ्यांच्या बरोबरीने उभा राहणारा. आमच्याकडची ही एक गंमतच आहे. वर्षातून एक दिवस हे बापये पाचशे माणसांची भाजी ढवळतात, घामाघूम होतात, आणि दुसऱ्या दिवशी घरात साखरेचा डबा कुठला ते बायकोला विचारतात. तर मंगेशला प्रमाण मोठंच ठाऊक. पहिल्या दिवशी त्याने अकरा पोरांसाठी केलेली मुगाची खिचडी पोरांनी खाल्ली, मी खाल्ली, वरच्या दोन मजल्यांनी खाल्ली आणि आमच्या ह्यांनी दोनदा घेतली. पण महिन्याभरात तो असा तयार झाला की कुठलं मूल कुठल्या कुशीवर झोपतं, कोणाला भातात लिंबू लागतं, कोण चिडलं की चावतं, सगळं त्याला पाठ. खुंटीवर इस्त्रीचा शर्ट टांगून ठेवायचा आणि अंगात मंडळाचा टी-शर्ट, पाठीवर मोठ्या अक्षरांत 'कार्यकर्ता'.

सकाळी बाकीच्या आया मुलं सोडून गेल्या की हा कोपऱ्यावरच्या चहावाल्याकडून परत यायचा. संध्याकाळी पहिली आई यायच्या आत शर्ट चढवून बाहेर पडायचा आणि साडेसहाला नुकताच ऑफिसातून आल्यासारखा इराला न्यायला यायचा. शांता परत आली तरी मी त्याला सोडलं नाही. आणि पालकांना काही सांगितलंही नाही. उगाच कशाला विषय, असं मनात म्हणायची. खरं म्हणजे माझी कंबर गेली होती आणि आयता चांगला माणूस मिळाला होता.

एका शनिवारी कामावरून परतताना स्वप्नाली आली. मंगेश इराला घेऊन पुढे गेला होता. ती माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "मावशी, तुमच्याकडचा मंगेश मला एक दिवस द्या ना."

"म्हणजे काय गं?"

"तुमच्याकडे तो भात भरवतो, लंगोट धुतो, सगळं करतो. इराच सांगते मला. आमच्याकडे जो येतो ना, तो ऑफिसातून दमून येतो! पाय वर घेऊन बसतो. आईंना संशय यायला नको म्हणून. मी आठ तास सुया टोचून येते आणि चपात्या लाटते, आणि हा बसून मला डोळ्यांनी सॉरी म्हणतो. डोळ्यांनी! काय करू मी त्या डोळ्यांचं?"

मला हसू आलं, पण ती हसत नव्हती. म्हणाली, "दसऱ्यापर्यंत वाट बघणार. तोवर त्याने आईंना सांगितलं नाही, तर मी इराला घेऊन डोंबिवलीला माझ्या आईकडे जाणार. नोकरी गेली त्याचं मला काही नाही. हे नाटक मला झेपत नाही, मावशी."

सोमवारी मी मंगेशला चांगला फैलावर घेतला. "अरे, बायको निघाली तुझी! सांगून टाक एकदाचं."

"आईला धक्का बसेल, मावशी. तिने कसं शिकवलंय मला, तुम्हाला माहितीय."

"तिला बसेल तो बसेल. घरात निदान चपात्या तरी लाट. त्याला नोकरी जावी लागते का?"

त्याने एका पोराचं नाक पुसलं, मग दुसऱ्याचं, ज्याचं वाहत नव्हतं त्याचंही पुसलं. मग म्हणाला, "खरं सांगू? संध्याकाळी आयतं हातात मिळतं ना, त्याची सवय आहे. वाईट सवय आहे, पण आहे." निदान खरं तरी बोलला. सांगतो सांगतो म्हणत घटस्थापना आली. तरी त्याचं तोंड उघडेना.

मुलांची तोंडं मात्र कोण बंद ठेवणार? 'काका भात देतो,' 'काका शी धुतो,' असं घराघरांत पोचलं. कुठला काका, कोण काका, अशी चौकशी सुरू झाली आणि पाळणाघरात पुरुष ठेवलाय ही बातमी गल्लीत फिरली. आयांना काळजी वाटली यात त्यांची चूक नव्हतीच. परक्या माणसाच्या हातात आपलं मूल आहे हे त्यांना माझ्याकडून कळायला हवं होतं, आणि मी गप्प बसले होते. मंगेशच्या चाळीतली दोन मुलं माझ्याकडे होती, त्यामुळे तिथल्या महिला मंडळाने ठरवलं, जाब विचारायचा.

बुधवारी दुपारी दोनची वेळ. अकरा मुलं नुकतीच झोपली होती. दारात आठ बायका. सर्वांच्या पुढे, काठी टेकत, दोन गल्ल्या चालून आलेल्या मंडळाच्या अध्यक्षा परब वहिनी. मी कपाळावर हात मारून घेतला.

"सावंत वैनी, भायर येवा! तुमी पाळणाघरात बापयो ठेवलात म्हणान आयकला. ह्या चलाचा नाय!"

एवढा आवाज, आणि आतून मंगेशची पाठ. 'कार्यकर्ता.' मांडीवर एक पोर, डाव्या हाताने शेजारच्या दुसऱ्याला थोपटणं चालू. मागे न बघताच त्याने उजवा हात वर केला आणि दबक्या आवाजात दटावलं, "शूऽऽ! आत्ता झोपलीयत. काय असेल ते चारनंतर."

आणि मग त्याने मान वळवली.

मी आयुष्यात बरेच चेहरे पडलेले बघितलेत. असा नाही. तो उठायला गेला, पण मांडीवरचं पोर चुळबुळलं म्हणून पुन्हा बसला आणि थोपटायला लागला. वहिनी बघतच राहिल्या. त्याचा हात, मांडीवरचं पोर, भिंतीलगत ओळीने निजलेली दहा, दोरीवरची लंगोटं, खुंटीवर इस्त्रीचा शर्ट. हळूहळू सगळं बघितलं. मागून एक बाई कुजबुजली, "बघा, मी म्हटलं नव्हतं? पुरुष आहे!"

वहिनी गर्रकन वळल्या. "पुरुष खंय? माझो झील तो!" आणि मग आवाज खाली आणून, "चला, जावा सगळी. पोरां उठतली."

बायका गेल्या. वहिनी आत आल्या, स्टुलावर बसल्या आणि मुलं उठेपर्यंत दीड तास तिथेच बसून राहिल्या. तो दीड तास मी आणि मंगेश कसे जगलो ते विचारू नका. शेवटी एकेक मूल डोळे चोळत उठलं, शांताने त्यांना खाऊ द्यायला गॅलरीत नेलं, आणि वहिनींनी तोंड उघडलं.

"किती म्हयने झाले?"

"सात."

"हयसर ह्या सगळा तू करतस? भात, शी, मूत?"

"हो."

"येता तुका?"

"येतं."

"मगे घराक इल्यार 'आये, पाणी' कोणाक म्हणतस रे मेल्या? सात म्हयने ह्या गुडघ्यांनी उठान तुका तांब्यो देतंय. झील दमान येता म्हणान! तुझी बायल लोकांचा रगत काढून येता नि चपात्यो लाटता, नि तू पाय वर घेवन बसतस!"

"आई, नोकरी गेली हे कळलं तर तुला वाईट वाटेल म्हणून..."

"नोकरेचा माका काय वायट नाय. गिरणी गेली तेव्हा सगळ्यांच्यो गेल्यो, मी बघलंय ता. तुका सगळा येत होता, तरी घरात केलंस नाय. तेचा वायट वाटता." मंगेश खाली बघून रडायला लागला. इरा गॅलरीतून आली आणि टॉवेल घेऊन बापाचं नाक पुसू लागली, कारण तिच्या समजुतीप्रमाणे इथे ज्याचं नाक वाहतं त्याचं पुसतात.

मी मध्ये पडायला गेले, तर वहिनी माझ्याकडे वळल्या. "नि तुमका म्हायत होता, वैनी. कामाचो गावलो म्हणान गप रवलात." मी त्यांची काठी उचलून हातात दिली.

जाताना दारात थांबून मंगेशला म्हणाल्या, "आज चपात्यो तू."

त्या संध्याकाळी मी वर गेले आणि ह्यांना सगळं सांगितलं. पहिल्यापासून, नकलांसकट. शर्ट, कार्यकर्ता, शूऽऽ, सगळं. ते इतके हसले की डोळ्यांतून पाणी आलं. मग डोळे पुसून म्हणाले, "पण म्हातारी बरोबर बोलली हां. शंभर टक्के बरोबर. चहा टाक जरा, हसून हसून घसा सुकला." आणि मी, जिने बत्तीस वर्षं लोकांच्या पिशव्या उघडून त्यांचे संसार तपासले, त्या मी चहा टाकला. आलं घालून.

पालकांचं काय झालं ते आधी सांगून टाकते. रविवारी मी सगळ्यांना बोलावलं, मंगेशला समोर उभा केला आणि माझी चूक कबूल केली. आधी सांगायला हवं होतं, असं त्यांनी मला सुनावलं, मी ऐकून घेतलं. दुपारी कोणीही, कधीही, न सांगता येऊन बघावं, असं ठरलं. दोघांनी मुलं काढून घेतली, नऊ राहिली. परब वहिनी अधूनमधून रिक्षा करून येतात आणि तो थोपटतो ते फार हळू आहे अशी तक्रार करतात. या वर्षी मी किल्ली मंगेशकडे दिली. त्याने फॉर्म बदललाय. आता दोन्ही नंबर एकाच ओळीत लिहायचे.

तर त्या बुधवारनंतरची सकाळ. इराला सोडायला स्वप्नाली आली, मंगेश मागून पिशवी घेऊन. मी तिला बाजूला घेतलं. "डोंबिवलीचं काय?"

"रद्द." ती हसत होती. मला वाटलं, चपात्यांना हसते. त्या म्हणे अकरा झाल्या आणि अकराही जाडजूड. पण ती म्हणाली, "नाही हो मावशी, चपात्या चांगल्या होत्या. आईंना हसते." आणि तिने सांगितलं.

मंगेश चपात्या लाटत होता तेव्हा वहिनी पलंगावर पाय लांब करून बसल्या होत्या. म्हणाल्या, "मंगेश, पाणी." त्याने पिठाचे हात धुतले, पाणी दिलं. त्या प्यायल्या. दोन चपात्या झाल्या, पुन्हा, "मंगेश, पाणी." पुन्हा हात धुतले, पुन्हा दिलं, त्या थोडं प्यायल्या. पाच मिनिटांनी तिसऱ्यांदा. या वेळी मात्र तांब्या दोन्ही हातांत धरून नुसत्याच बसून राहिल्या. स्वप्नालीने विचारलं, "आई, पीत का नाही?"

"माका तान नाय गो," वहिनी म्हणाल्या. "बसल्या जाग्यार कोण आणून दिल्यार कसा वाटता, ता बघतंय."